गप्प आहे म्हणजे कामात आहे

ताई, नमस्कार.

गेले दहा महिने मी ज्या टीममध्ये आहे, तिच्यातलं एकही माणूस मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आम्ही नऊ जण चार देशांत विखुरलेलो आहोत. माझं काम सॉफ्टवेअरची मदतीची पानं लिहिण्याचं. लिहायला बसले की मी चॅट बंद करते, कारण एकदा तंद्री मोडली की परत लागायला फार वेळ जातो. दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता सगळे मेसेज एकगठ्ठा वाचते आणि उत्तरं देते. अचानक कॉल आला की मला पटकन काही सुचत नाही. तेच कुणी लिहून विचारलं तर मी नीट सांगू शकते.

गेल्या महिन्यातल्या आढाव्यात मॅनेजर म्हणाले, "काम उत्तम आहे, पण तू टीममध्ये मिसळत नाहीस असं काहींचं म्हणणं आहे." नंतर उलगडा झाला. एका सहकाऱ्यांनी मला दुपारी अडीच वाजता "हाय, दोन मिनिटं आहेत का?" एवढंच लिहिलं होतं. मी ते पाच वाजता पाहिलं आणि "हो, बोला ना" म्हटलं. तोवर त्यांच्याकडे दिवस संपला होता. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की मी उत्तरंच देत नाही.

माझ्या कामाच्या सवयींची यादी करून सगळ्यांना पाठवावी असं ठरवलंय. यादी सोबत जोडते. पण पाठवायचा धीर होत नाही. ही काल आलेली आणि आपल्याला नियम शिकवते, असं तर वाटणार नाही ना?

– एक अबोल सहकारी

प्रिय मैत्रिणी,

तुमची यादी मी तीन वेळा वाचली. ती अजून पाठवली नाहीत हे बरं झालं, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नव्हे. नव्या माणसानं आपल्या सवयी सांगण्यात आगाऊपणा काही नाही. जुन्यांच्या सवयी सगळ्यांना सरावानं माहीत झालेल्या असतात. नव्या माणसाच्या कुणालाच माहीत नसतात, म्हणून त्यानं तर त्या सांगायलाच हव्यात. अडचण यादीतल्या शब्दांत आहे. त्याकडे येतेच. आधी त्या अडीच तासांबद्दल बोलू.

तुम्ही दोघं एकाच छताखाली काम करत असता, तर ते तुमच्या टेबलापाशी आले असते, तुम्ही मान खाली घालून लिहिताय हे पाहून मागे फिरले असते आणि थोड्या वेळानं पुन्हा डोकावले असते. त्यांना राग यायचं काही कारणच उरलं नसतं. दुरून काम करताना यातलं काहीही पोहोचत नाही. तुमच्या नावाशेजारी एक ठिपका दिसतो, आणि तोही फार भरवशाचा नाही. कीबोर्डला काही मिनिटं हात लागला नाही, तर वहीत टिपणं काढत बसलेला माणूसही जागेवर नाही असंच तो सांगतो. तुमच्याकडे तंद्री लागलेली असते आणि पलीकडच्याला फक्त शुकशुकाट दिसतो. त्या शुकशुकाटाचा काहीतरी अर्थ लावल्याशिवाय माणसाला राहवत नाही. ज्याचा दिवस चांगला चाललाय तो म्हणेल, असेल कामात. ज्याचं काम अडलंय तो म्हणेल, मला टाळते आहे.

लिहिलेल्या शब्दांतूनही आपण समजतो तितकं पोहोचत नाही. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही जणांना ईमेलवरून वाक्यं पाठवायला सांगितली, काही मनापासूनची आणि काही उपरोधाची. आपला सूर वाचणाऱ्याला किती वेळा ओळखता येईल, असं पाठवणाऱ्यांना विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता ७८ टक्के. वाचणाऱ्यांनी प्रत्यक्षात ओळखला ५६ टक्के, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरा. तुमचं "हो, बोला ना" तुमच्या मनात किती आपुलकीचं होतं हे मला पत्रातूनही कळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते कोणत्या सुरात वाचलं असेल, हे तुम्ही किंवा मी सांगू शकत नाही.

म्हणून तुमच्या टीमला तुमच्या सगळ्या आवडीनिवडी कळण्याची गरज नाही. तुम्ही गप्प असता तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा आणि ती शांतता कधी संपणार, एवढं त्यांना आधीपासून ठाऊक हवं. त्यावरच सगळा भर द्या.

आता यादी. तिच्यात अकरा ओळी आहेत. त्यांतल्या नऊ "नये", "नाही", "नसते" अशा नकारावर संपतात. "सकाळी मी उपलब्ध नसते." "पूर्वसूचनेशिवाय कॉल करू नये." "नुसतं हाय लिहून थांबू नये." "उत्तरासाठी तगादा लावू नये." या नऊ ओळी लागोपाठ वाचल्या की वाचणाऱ्याला एकच कळतं, या बाईंना आपला त्रास होतो. तुमच्या मनात असं काही नाही. तुम्हाला लोकांना उत्तरं द्यायची आहेत, नीट विचार करून द्यायची आहेत. मग तेच लिहा. प्रत्येक ओळीत, समोरच्याला माझ्याकडून काय मिळेल आणि केव्हा मिळेल, हे आलं पाहिजे.

"सकाळी मी उपलब्ध नसते" ही ओळ घेऊ. तिच्याऐवजी असं लिहून पाहा: "सकाळी ९ ते १२ मी लिहीत असते, तेव्हा चॅट बंद असतं. १२ वाजता सगळे मेसेज वाचते आणि त्याच बैठकीत प्रत्येकाला उत्तर देते. ज्याला वेळ लागणार असेल त्याला निदान 'पाहिलं, अमुक वाजेपर्यंत सांगते' एवढं तरी कळवते. १२ नंतरही माझ्याकडून काहीच आलं नाही, तर मेसेज नजरेतून सुटला असं समजा आणि बिनधास्त आठवण करा." माहिती तीच आहे. पण आता वाचणाऱ्याच्या हातात एक घड्याळ आलं. साडेदहाला उत्तर नसेल तर तो निवांत राहील, आणि सव्वाबाराला नसेल तर न अवघडता पुन्हा विचारेल. शेवटचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आठवण करणं म्हणजे तगादा नव्हे, असं तुम्ही स्वतः सांगून टाकलंत. मग "तगादा लावू नये" ही ओळ आपोआप गळते.

"नुसतं हाय लिहून थांबू नये" ही ओळ तर काढाच. पुष्कळ लोकांना कामाचं बोलण्याआधी हाक मारून उत्तराची वाट पाहणं हीच सभ्यता वाटते. थेट प्रश्न टाकणं त्यांना अंगावर गेल्यासारखं वाटतं. त्यांच्या सौजन्यावर तुम्ही बोट ठेवलंत तर ते दुखावतील, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. त्या दिवशी काय झालं ते आठवा. समजा त्यांनी अडीचलाच लिहिलं असतं, "हाय, कशा आहात? सेटिंग्जच्या पानावर बटणाचं जुनं नाव राहिलंय, ते बदलू का?" तर पाच वाजता तुम्ही "हो, बदला" म्हटलं असतं आणि सकाळी लॅपटॉप उघडताच त्यांचं काम सुरू झालं असतं. प्रत्यक्षात मात्र सकाळी त्यांना "हो, बोला ना" दिसलं. म्हणजे प्रश्न विचारायला दुसरा दिवस आणि उत्तर मिळायला त्या दिवशीची तुमची बाराची वेळ. दोन मिनिटांच्या कामाला जवळपास अख्खा एक दिवस. तेव्हा लिहा: "हायच्या सोबतच प्रश्नही लिहिलात, तर मी पाहताक्षणी उत्तर देऊ शकते." असं म्हटलं की मनाई राहत नाही, समोरच्याला त्यातला फायदा दिसतो.

हे लिहिताना एक कडू गोष्टही सांगायला हवी. तुमची पाचची वेळ तुमच्या सोयीची आहे, पण या सहकाऱ्यांच्या घड्याळात ती बसत नाही. दुपारी बारानंतर त्यांनी काहीही विचारलं तरी उत्तर त्यांचा दिवस संपल्यावरच येणार, मग तुम्ही कितीही गोड शब्दांत कळवा. सवय समजावून सांगितली म्हणजे ती बदलायची गरज संपली, असं होत नाही. चारही देशांतली कामाची वेळ एका कागदावर आडवी मांडा आणि तुमची उत्तरं कुणाच्या रात्री पडतात ते पाहा. मला वाटतं तीन वाजता मेसेज वाचायला दहा मिनिटांची एक जास्तीची बैठक ठेवलीत तर तुमची तंद्री फारशी मोडणार नाही आणि त्यांचा दिवस वाचेल. लिहिण्याचा अवघड भाग सकाळी होतो असं तुम्हीच यादीत म्हटलंय. दुपार थोडी सैल सोडता येईल.

वेळा लिहिताना "दुपारी ३" एवढंच लिहू नका. कुणाची दुपार, ते लिहा. आणि टाइम झोनसुद्धा एकदा लिहून विसरण्यासारखी गोष्ट नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे येतात ती युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या. जिथं घड्याळ हलत नाही तिथल्या माणसाला या मधल्या आठवड्यांत कोण कधी भेटेल याचा पत्ता लागत नाही. कॅलेंडरमध्ये तुमच्या लिहिण्याच्या वेळा अडवून ठेवल्यात, तर ते प्रत्येकाला त्याच्या त्याच्या वेळेत दाखवेल. तेवढी एक चिंता कमी.

कॉलबद्दल. अचानक कॉल आला की सुचत नाही, हे अगदी मोकळेपणानं लिहा. त्यात कमीपणा नाही. सोफी लरॉय यांनी २००९ च्या संशोधनात दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो आणि नव्या कामावर त्याचा परिणाम होतो. तुम्हाला जे होतं ते कमी-अधिक सगळ्यांनाच होतं. "कॉलआधी एका ओळीत विषय कळवलात तर मी तयारीनं बोलू शकेन" एवढं पुरे. पण एक दार मात्र सताड उघडं ठेवा. खरोखर अडलं तर तुम्हाला कसं गाठायचं? तुमच्या यादीत याचं उत्तर नाही, आणि मॅनेजरला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच असेल. लिहा: "प्रकाशित पानावर चुकीची माहिती गेली असेल किंवा आज जायचं काम माझ्यामुळे थांबलं असेल, तर सरळ फोन करा. फोन मी कधीही घेते." तातडी म्हणजे काय ते उदाहरणानं सांगितलं की लोक त्या दाराचा गैरवापर करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. नुसतं "तातडीचं असेल तरच" लिहिलं, तर संकोची माणूस आग लागली तरी फोन करत नाही आणि धीट माणूस रोज करतो.

"मला गप्पा जमत नाहीत, गैरसमज नसावा" ही ओळ वाचून मला वाईट वाटलं. ती लिहू नका. ती सवय नाही, तो स्वतःविषयी दिलेला निकाल आहे, आणि एकदा लिहून दिला की लोक तुमच्याशी बोलणं खरंच सोडतील. बाराच्या बैठकीत रोज एखाद्याला कामापलीकडचं एक वाक्य लिहा. त्यानं सांगितलेल्या आजारपणाची चौकशी करा किंवा त्यानं केलेली दुरुस्ती आवडली हे कळवा. लेखी बोलणं तुम्हाला छान जमतं, तुमचं पत्रच त्याची साक्ष आहे. "मिसळत नाहीस" याला सवयींचं टिपण हे अर्धंच उत्तर आहे, उरलेलं अर्धं असल्या वाक्यांत आहे.

कॅमेऱ्याविषयी तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत, त्यांची एक करा. पहिली पाच मिनिटं चालू ठेवते, मग टिपणं काढताना बंद करते, एवढं कळलं की कुणाचं काही अडत नाही.

माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्या यादीच्या पुढची गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी मी दूरच्या एका तरुण सहकारी मुलीसोबत लेखांचं संपादन करत होते. मला रात्री उशिरा काम करायची सवय. अकरा-साडेअकराला मनात आलं की मी तिला मेल टाकायचे. डोक्यातून कागदावर उतरलं की झोप लागते, एवढाच माझा हेतू. ती दहा मिनिटांत उत्तर द्यायची. मला वाटायचं, तीही माझ्यासारखीच जागरण करणारी दिसते. चार महिन्यांनी काम संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, आता मी फोन उशाशी न ठेवता झोपू शकेन." मी तिला उत्तर मागितलं नव्हतं. पण मागत नाही हेही कधी सांगितलं नव्हतं. नंतर लॉरा ज्युर्गे आणि व्हेनेसा बोन्स यांचं २०२१ चं संशोधन वाचलं, तेव्हा तीच डोळ्यांपुढे आली. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या बिनतातडीच्या मेलला पाठवणाऱ्याला किती लवकर उत्तर हवं आहे, याचा अंदाज तो मेल मिळालेला माणूस सहसा जास्तच धरतो. "घाई नाही" अशी एक ओळ पाठवणाऱ्यानं लिहिली की ही तफावत कमी होते. तेव्हापासून रात्री लिहिलेले मेल मी सकाळी जातील असे लावून ठेवते. जीमेलमध्ये ती सोय २०१९ पासून आहे. ते जमलं नाही तर "उद्या दिवसा पाहा" असं वरच लिहिते.

म्हणून तुमच्या टिपणात दोन ओळी उलट्या दिशेच्याही हव्यात. तुम्ही लोकांना जे पाठवता ते त्यांनी कसं घ्यावं? पाच वाजता तुम्ही एकगठ्ठा सात मेसेज टाकता, ते कुणाच्या तरी जेवणाच्या वेळी वाजत असतील. "माझ्या मेसेजला तुमच्या सोयीनं उत्तर द्या, घाई असेल तेव्हा मी पहिल्याच ओळीत तसं लिहीन." आणि लगेच खाली: "तुम्हाला कसं गाठलेलं आवडतं, तेही मला सांगा." हे विचारलंत की नियम शिकवते असं कुणाला वाटणार नाही, कारण तुम्ही तितकंच ऐकून घ्यायला बसला आहात.

हा प्रकार तुम्ही एकट्याच करत नाही आहात, हेही लक्षात असू द्या. क्वेस्टबॅक या नॉर्वेजियन कंपनीचे ईव्हार क्रोगरूड यांनी आपल्याबरोबर काम कसं करावं याचं एक पानी टिपण लिहिलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत ते सांगितलं आणि पुष्कळांनी तो कित्ता गिरवला. गिटलॅब ही तर पूर्णपणे दुरून चालणारी कंपनी. तिथले अनेक जण अशी टिपणं उघडपणे प्रसिद्ध करतात, आणि त्यांना प्रोग्रॅमर मंडळींच्या शब्दात रीडमी, म्हणजे 'मला वाचा', म्हणतात. पण या टिपणांतली एक खोड उचलू नका. "मी स्पष्टवक्ता आहे, माझ्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका" असं काही जण लिहितात. सवय कळवली की समोरच्याला दुखावण्याची मुभा मिळते, असा समज त्यामागे असतो. तो मला अजिबात मान्य नाही.

एक गोष्ट मात्र या टिपणात घालूच नका. यादीच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, "रात्री ८ नंतर मीटिंग नको, डॉक्टरांनी झोप सांभाळायला सांगितलंय." ही आवड नव्हे, गरज आहे. आवडींच्या रांगेत बसवलीत तर लोक तिला आवडीइतकंच महत्त्व देतील. ती मॅनेजरशी स्वतंत्रपणे बोला आणि ठरेल ते लेखी घ्या. कारण टीमला सांगायची गरज नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे, म्हणजे ही मागणी काही जगावेगळी नाही. तुमच्या करारात कामाच्या तासांविषयी काय लिहिलंय तेवढं बोलण्याआधी पाहून घ्या.

टिपण अर्ध्या पानाचं ठेवा. जे पाळाल तेवढंच लिहा. बाराला उत्तर देते म्हटलंत आणि आठवड्यात दोनदा चुकलात, तर लिहिलं नसतंत तेच बरं होतं. टिपण चॅटमधल्या तुमच्या प्रोफाइलवर आणि टीमच्या डॉक्युमेंटमध्ये ठेवा. रोजच्या वापरासाठी स्टेटसमध्ये एकच ओळ पुरेशी आहे: "लिहिते आहे, १२ ला भेटते." कामाच्या वेळा बदलल्या की त्याच दिवशी ती ओळ बदला.

आणि सगळ्यांना पाठवायच्या आधी ते त्या एका सहकाऱ्यांना दाखवा. त्यांच्याशी कॉलवर बोला, त्यांना सोयीची वेळ विचारून. कॉल तुम्हाला जड जातो हे मला माहीत आहे. पण हा तुम्ही ठरवलेला कॉल असेल आणि काय बोलायचं तेही लिहून ठेवता येईल. "त्या दिवशी तुम्ही थांबून राहिलात आणि मला ते कळलंच नाही, वाईट वाटलं. मी तेव्हा लिहीत होते. आता तीन वाजताही मेसेज पाहणार आहे. हे टिपण लिहिलंय, तुमचं काम याच्यामुळे कुठं अडेल का तेवढं सांगा." मग ते काय म्हणतात ते ऐका. तुम्ही ज्या आठ जणांसाठी लिहिताय, त्यांच्यापैकी तुमची शांतता सोसलेला माणूस तोच आहे. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करून मगच बाकीच्यांना पाठवा.

तुमची,
ताई